सुकाण्याला तोंड नसतं

“ह्याला रडार कशाला हवं? हा वासावरूनच सांगेल मासळी कुठे आहे ते.”

वर्गात हशा पिकला. आम्ही आठ जण होतो. सगळे बोटीवरचे ऑफिसर. ओळख करून देणं चाललेलं. नाव, हुद्दा, किती वर्षं समुद्रावर. माझी पाळी आली. मी उभा राहिलो. म्हटलं, थर्ड ऑफिसर. त्याआधी अकरा वर्षं खलाशी. त्यातली सात सुकाणूवर.

समोर कॅप्टनसाहेब. रिटायर झालेले, आता शिकवायचे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, स्वच्छ पुणेरी मराठी. त्यांनी मला खालून वर पाहिलं. विचारलं, “मूळचा कुठला?”

“इथलाच सर. ठाण्याचा. कोळीवाड्यातला.”

आणि मग ते वासाचं वाक्य.

सगळे हसले. मी काय केलं? मीही दात काढले. काय सांगू, सवय होती. बोटीवर वरच्या माणसाने विनोद केला की खालच्याने हसायचं असतं. ते कुणी शिकवत नाही, आपोआप येतं. मी हसत हसत खाली बसलो. कानाच्या पाळ्या तेवढ्या गरम झालेल्या.

ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आता सांगतानाही दमायला होतं. राग यायचे दिवस गेले. पण सांगायचं राहिलं तर माझंच तोंड मला नकोसं होईल, म्हणून सांगतो.

तेव्हा बोटींच्या कंपन्यांनी ऑफिसरांना ह्या नव्या कोर्सला पाठवायला सुरुवात केलेली. कारण काय, तर बोटी यंत्रं बिघडून कमी बुडतात, माणसं बिघडून जास्त बुडतात. कुणी दमलेला असतो, कुणी घाबरलेला असतो, कुणाला चूक दिसते पण तो साहेबासमोर बोलत नाही. ह्याचं शिक्षण. ठाण्यात वर्तकनगरच्या पुढे एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हे सेंटर. आत एक खोटा ब्रिज बांधलेला. ब्रिज म्हणजे बोट जिथून चालवतात ती वरची खोली. खरं सुकाणू, खरं रडार, खरे फोन. फक्त खिडक्यांच्या जागी पडदे, आणि पडद्यांवर कॉम्प्युटरचा समुद्र. जमीन तसूभर हलत नाही. पण पडद्यावरचा समुद्र हलायला लागला की पाय आपोआप सावरून घेतात. पहिल्या दिवशी एकाला तर खरोखर मळमळायला लागलं. कोपऱ्यात कॅमेरा. आम्ही काय करतो, काय बोलतो, सगळं टेपवर घेणार आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीवर दाखवणार.

फळ्यावर कॅप्टनसाहेबांनी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: चूक दिसली की बोला. हुद्दा बघू नका.

मी वहीत उतरवून घेतलं. दोनदा अधोरेखित केलं. मला ते खरंच आवडलेलं, हसू नका.

मग त्यांनी जागा वाटल्या. एक जण कॅप्टन, एक जण नकाशावर, एक जण रडारवर, एक जण सुकाणूवर. बाकीचे चौघे शेजारच्या खोलीत बसून ऐकणार. दर खेपेला जागा बदलायच्या, म्हणजे प्रत्येकाला सगळं करायला मिळतं. असा नियम होता. मला सुकाणू दिलं. दुसऱ्या खेपेला परत सुकाणू. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, “सर, मला कॅप्टनची पाळी कधी?”

“तुला? आधी खरी येऊ दे.” परत हशा. मग ते जवळ आले, खांद्यावर हात ठेवला. आवाज एकदम प्रेमाचा. “हे बघ, तुझा हात चांगला आहे सुकाणूवर. सुकाण्याला दोन हात लागतात. तोंड नसतं. तू तुझं काम कर.”

चहाच्या सुट्टीत म्हणाले, “जरा बघ रे, तो चहावाला कुठे अडकलाय.” आठ ऑफिसर उभे होते. मलाच का? पण मी गेलो. जिना उतरून खाली गेलो, किटली घेऊन वर आलो. एकाने माझ्या हातून कप घेताना थँक्यूसुद्धा म्हटलं.

का गेलो, ते सांगतो. त्या कोर्सचा दाखला मिळाला की मी सेकंड ऑफिसर होणार होतो. कंपनीने तसं सांगितलेलं. माझं वय अडतीस. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान पोरं मला “अरे” म्हणायची, आणि मी त्यांना “सर” म्हणायचो. दिवा स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत माझी बायको मंदा पाच वर्षं रोज टँकरमागे हंडे घेऊन धावत होती, आणि दरवेळी मी सुट्टीवर आलो की विचारायची, “झालं का तुमचं ते सेकंड?” ह्या वेळी तिला म्हटलेलं, चार दिवस थांब. गुरुवारी दाखला हातात. म्हणून मी चहा आणला. म्हणून मी दात काढले. चार दिवस काढायचे, मरो ते बाकीचं, असं ठरवूनच गेलेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठा खेळ लावला. बंदरात शिरायचं. अरुंद वाट, समोरून एक बोट बाहेर येतेय, आणि बंदरात पोचायला आपल्याला उशीर झालाय. कॅप्टन झाला पराग. हा नौपाड्यातला पोरगा, चांगल्या घरचा, वडील डॉक्टर. वाईट नव्हता. फर्डा इंग्रजी बोलायचा आणि ते बोलताना माणसाकडे न बघता हवेत बघायचा. मी सुकाणूवर. कॅप्टनसाहेब शेजारच्या खोलीत बसून कॉम्प्युटर चालवत होते, त्यांचा आवाज स्पीकरवरून यायचा.

सुकाणूवरच्या माणसाचं काम सोपं असतं. ऑर्डर आली की ती मोठ्याने परत म्हणायची, मग सुकाणू फिरवायचं. कॅप्टन म्हणतो “स्टारबोर्ड टेन”, म्हणजे उजवीकडे दहा अंश. आपण म्हणायचं “स्टारबोर्ड टेन, सर.” फिरवून झालं की परत सांगायचं, झालं. कॅप्टन म्हणतो “स्टेडी”, म्हणजे आहे तसं सरळ. आपण म्हणायचं “स्टेडी, सर.” दुसऱ्याचं वाक्य परत म्हणायचं. आपलं वाक्य नाही. मी सात वर्षं हेच केलेलं. चार तास उभं राहायचं आणि दुसऱ्याची वाक्यं म्हणायची. ह्या पद्धतीने चुका टळतात म्हणतात, आणि टळतातही. पण माणसाची जीभ हळूहळू मरते, ते कुणी कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

पराग रडारवर वाकलेला. “स्टेडी.”

“स्टेडी, सर.”

आणि मला दिसली. बरोबर नाकासमोर, पडद्यावर एक छोटी होडी. लाकडी. चौकोनी ठिपक्यांची, कॉम्प्युटरने काढलेली, पण होडीच. लाकडाची छोटी होडी रडारवर नीट उमटत नाही. लाटांच्या ठिपक्यांत हरवते. ती डोळ्यांनीच बघावी लागते. आणि डोळे फक्त माझे समोर होते. पराग रडारवर, दुसरा नकाशावर, तिसरा फोनवर समोरच्या बोटीशी बोलतोय.

मी बोललो नाही.

होडी मोठी व्हायला लागली.  फळ्यावरची अक्षरं डोळ्यांसमोर होती. चूक दिसली की बोला. आणि खांद्यावरचा तो हातही आठवत होता. तोंड नसतं. मी काय केलं सांगू? मी खाकरलो. एकदा. मग परत एकदा. परागने मान वर न करता विचारलं, “पाणी हवंय?”

मग त्याने वर पाहिलं आणि ओरडला, “हार्ड अ पोर्ट!” म्हणजे पूर्ण डावीकडे.

“हार्ड अ पोर्ट, सर!” मी त्याच क्षणी सुकाणू फिरवलं, शेवटपर्यंत. पण एवढी मोठी बोट अशी वळते होय? ती सरळच गेली. होडी आमच्या नाकाखाली गेली आणि पडद्यावरून नाहीशी झाली. आवाज नाही, काही नाही. पुन्हा निळा समुद्र.

स्पीकरवरून कॅप्टनसाहेब म्हणाले, “अभिनंदन, कॅप्टन पराग. एक कोळी कमी.”

सगळे खो खो हसले. परागसुद्धा हसला, त्याचाही ताण सुटला असेल. नकाशावरचा तर टेबल बडवत होता.

मीही हसलो. सांगायला लाज वाटते, पण हसलो.

संध्याकाळी दिव्याला जायच्या आधी मी आबांकडे गेलो. आबा म्हणजे माझे वडील. कोळीवाड्यातच राहायचे, खाडीच्या बाजूला. खाडीत तेव्हा मासळी उरलेली नव्हती. कारखान्यांचं पाणी येऊन येऊन सगळी मेलेली. जाळी टाकली तर काळा चिखल आणि पिशव्या. तरी आबा ओट्यावर बसून जाळं शिवायचे. कशासाठी, विचारलं की चिडायचे. हाताला काम नको काय?

मी त्यांना दिवसभराची गंमत म्हणून सांगायला लागलो. असा असा खोटा ब्रिज, खोटा समुद्र, आणि आज आम्ही एक खोटी होडी बुडवली.

आबांनी सुई थांबवली. “होरीन किती जन व्हते?”

“अहो आबा, कॉम्प्युटरची होडी ती. कोण असणार तिच्यात? कुणी नाही.”

“मंग तुजा तोंड का उतरलाय?”

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि जे सात वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. मंदालासुद्धा नाही.

मी खलाशी होतो तेव्हाची गोष्ट. ऐंशीची शेवटची वर्षं. ह्याच कंपनीची आमची मालबोट कोकण किनाऱ्याने खाली चाललेली, रत्नागिरी मागे पडलेली. दुपारची वेळ, जेवणं झालेली, लख्ख ऊन. मी सुकाणूवर. ड्यूटीवरचा ऑफिसर मागच्या टेबलाशी कागद भरत होता. समोर पाण्यावर प्लास्टिकचे डबे दिसले, रांगेने. जाळ्याचे डबे. मला कळणार नाही तर कुणाला कळणार? माझ्या बापाने असेच डबे बांधलेले. डब्यांच्या टोकाला होडी. तिच्यात माणसं. एक उभा राहिला आणि अंगातला शर्ट काढून हलवायला लागला.

मी खाकरलो. हो, तेव्हाही खाकरलोच.

ऑफिसर कागदावरून मान न उचलता म्हणाला, “स्टेडी.”

“स्टेडी, सर.”

शर्ट हलवणारा माणूस उजव्या बाजूला अगदी जवळ आला, इतका की त्याचं तोंड उघडलेलं मला दिसलं. मग तो बोटीच्या कडेखाली गेला. तिथून पुढचं ब्रिजवरून दिसत नाही. आणि सुकाण्याने मागे वळून बघायचं नसतं. नजर समोर, होकायंत्रावर. चार वाजता पाळी सुटली. मी धावत मागच्या टोकाला गेलो. पाण्यावर आमच्या बोटीची पांढरी वाट, बाकी काही नाही. पुढच्या बंदरात बोटीच्या नाकाजवळ, पाण्याच्या वरच, हिरव्या जाळ्याचा एवढा मोठा पुंजका अडकलेला निघाला. आमच्या मुकादमाने मलाच दोरीला बांधून खाली सोडलं. म्हणाला, कापून टाक. मी कापला. जाळ्याच्या गाठी मी ओळखत होतो. बोटीच्या रोजच्या नोंदवहीत त्या दुपारसाठी एवढंच लिहिलेलं: हवा चांगली, समुद्र शांत.

होडी वाचली का बुडाली, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. जाळं गेलं एवढं नक्की.

आबांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, “तू बोल्लास नाय?”

“नाय.”

“कोनला बी नाय?”

“नाय आबा.”

ते उठले. जाळं गोळा केलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आई वाढायला हाक मारत होती. आबा म्हणाले, “आज हितं जेवू नको. जा तुज्या घरा.”

आणि आत गेले. मी थोडा वेळ ओट्यावरच बसलो. लहानपणी आबांनी मला वल्ह्याने बदडलेलं आहे, शिव्या तर रोजच्या. पण ताटावरून कधी उठवलं नव्हतं. मला रडू आलं, अडतिसाव्या वर्षी, भर रस्त्यात. स्टेशनपर्यंत रुमाल तोंडावर धरून चालत गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी वर्गात गेलो तर टेबलावर कागद तयार. कालच्या खेळाचा अहवाल. इंग्रजीत. टक्कर का झाली, त्याचं एका ओळीत कारण: सुकाण्याने ऑर्डर उशिरा पाळली. खाली सात सह्या. आठवी माझी राहिलेली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, “सर, हे खोटं आहे.”

“बस खाली. सही कर, पुढे जायचंय आपल्याला.”

“टेप लावा.”

पराग माझ्याकडे वाकून कुजबुजला, “अरे, करून टाक ना सही. कोण वाचतंय ते? दाखला मिळतोय ना?” चांगल्या मनाने म्हणत होता. त्याला खरंच कळत नव्हतं.

“टेप लावा, सर,” मी परत म्हटलं. माझा आवाज मला अनोळखी वाटला. दोन-तीन जण इकडे तिकडे बघायला लागले. कॅप्टनसाहेबांचा चेहरा तांबडा झालेला, पण टेप न लावण्याचं कारण त्यांनाही सापडेना. त्यांनीच सांगितलेलं ना, टेप खोटं बोलत नाही.

टेप लावली. कोपऱ्यात सेकंद पळत होते. परागची ऑर्डर, आणि तिच्या शेपटालाच माझा आवाज, आणि माझे हात फिरलेले. उशीर नाही. कणभरसुद्धा नाही. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता.

पडला नाही. कारण मी स्वतःला बघत होतो.

टीव्हीवर एक माणूस उभा. पाठ ताठ, हात सुकाणूवर, नजर समोर. नजर होडीवर. होडी दिसायला लागल्यापासून ऑर्डर येईपर्यंत चाळीस सेकंद. चाळीस सेकंद म्हणजे किती वेळ असतो, ते तुम्ही स्वतःचं तोंड बंद बघत बसल्याशिवाय कळत नाही. तो माणूस होडी बघतोय. तो कोळ्याचा पोरगा आहे. त्याला कळतंय. आणि तो खाकरतोय. मग होडी जाते. स्पीकरवरून तो विनोद येतो. आणि तो माणूस दात काढतो. सगळ्यांत आधी तोच काढतो. मला वाटत होतं सगळे हसले म्हणून मी हसलो. टेपवर उलटं होतं. मी आधी हसलो.

मी स्वतःचा एवढा तिरस्कार कधीच केला नव्हता. कॅप्टनसाहेबांचासुद्धा नाही. त्यांनी माझी जीभ कापली नव्हती. ती मीच आत ओढून ठेवलेली, आणि तिला शिस्त म्हणत होतो. बोटीवर चांगला सुकाणी म्हणून माझं नाव होतं. कशाबद्दल? बोलत नाही ह्याबद्दल.

कॅप्टनसाहेबांनी टीव्ही बंद केला. ते मऊ झाले. “ठीक आहे. ती ओळ खोडू. ‘सगळ्या टीमची चूक’ असं लिहू. झालं समाधान? कर सही.”

“नाही, सर.”

“मग काय लिहू? तूच सांग आता.”

“लिहा, ऑर्डर देणाऱ्याने बाहेर बघितलं नाही. सुकाण्याने बघितलं आणि तो गप्प बसला. का गप्प बसला, तेही लिहा.”

“का बसला?”

“कारण तुम्ही त्याला सांगितलं होतंत, सुकाण्याला तोंड नसतं.”

मी थांबलो नाही. म्हटलं, “आणि कोळी मेला तेव्हा आपण सगळे हसलो. तेपण लिहा. मी सगळ्यांत आधी हसलो.”

“हा वर्ग आहे. तुमच्या कोळीवाड्यातली बैठक नाही.”

“कोळीवाड्यात हसले नसते, सर.”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. अगदी सावकाश. “दाखला हवाय की नको?”

“हवाय. पण हे लिहून.”

“मग विसर.”

मी विसरलो नाही, पण निघालो. वही उचलली आणि जिना उतरलो. खाली चहावाला किटली घेऊन वर येत होता, त्याने विचारलं, आज लवकर? मी म्हटलं, हो.

शूर वगैरे काही वाटत नव्हतं. दिव्याला पोचलो तर मंदा पाण्याच्या रांगेत. तिच्या हातातून हंडा घेतला आणि तिथेच सांगितलं. दाखला नाही. सेकंड नाही. मग खोलीत आल्यावर बाकीचं सांगितलं, रत्नागिरीच्या खालचं. आणि म्हटलं, मी हे कंपनीला लिहून देणार आहे.

ती भडकली. “आत्ता सुचलं? सात वर्षांनी? कोण विचारतंय तुम्हाला? आहे ती नोकरीपण जाईल!”

“जाईल.”

“आणि मी? मी अजून किती वर्षं टँकरमागे धावू?”

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी कागद घेऊन बसलो, तर भांडी घासता घासता पाठमोरीच म्हणाली, “लिहा. पण एक अक्षर इकडचं तिकडे करू नका. स्वतःला वाचवून लिहिलंत तर माझी पाच वर्षं फुकट गेली असं मी समजेन.”

बोटीचं नाव, महिना, वेळ, जागा जेवढी आठवली तेवढी. ड्यूटीवर कोण होतं. होडी दिसली तेव्हा मी काय केलं. जाळं कुणी कापलं. नोंदवहीत काय लिहिलं आणि काय लिहिलं नाही. दोन पानं झाली. आयुष्यात पहिल्यांदा मी माझी वाक्यं लिहीत होतो.

कंपनीच्या एजंटचं ऑफिस नौपाड्यात, एका दवाखान्याच्या वर. तिथला मॅनेजर मला ओळखायचा. कागद वाचून त्याने चष्मा काढला. “अहो, हे काय? कुणाची तक्रार आली होती का ह्याबद्दल?”

“नाही.”

“मग कशाला उकरून काढताय? कुणी मेलं असतं तर तक्रार आली असती ना?”

“जो बुडाला तो कसा येईल तुमच्या ऑफिसात तक्रार द्यायला? मी देतोय. घ्या, आणि मला शिक्का मारून एक प्रत द्या.”

“असं नाही देता येत.”

“मग मी बसतो.”

बसलो. पहिल्या दिवशी पाच वाजेपर्यंत. मॅनेजर म्हणाला, ऑफिस बंद होतंय. म्हटलं, उद्या दहाला उघडतं ना, येतो. दुसऱ्या दिवशी आलो. तिसऱ्या दिवशी आलो. चौथ्या दिवशी त्याने मला कंपनीचं पत्र दिलं: तुमची पुढच्या बोटीवरची नेमणूक रद्द. मी ते घडी करून खिशात ठेवलं आणि परत बाकावर बसलो. आता घालवण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे बसणं सोपं झालेलं. सातव्या दिवशी शिक्का मारला. मला कंटाळून मारला असेल. मारला एवढं खरं.

प्रत घेऊन मी आबांकडे गेलो नाही. शाबासकी मागायला जाण्यासारखं मी काही केलेलं नव्हतं. सरळ एसटी स्टँडवर गेलो आणि रत्नागिरीच्या गाडीची चौकशी केली. तिकिटाच्या रांगेत उभा राहून मनाशी म्हणत होतो. रत्नागिरीच्या खाली किनाऱ्याला गावं पुष्कळ. प्रत्येक गावात बंदर नाही, पण प्रत्येक गावात होड्या आहेत. कुठल्या गावची ती होडी होती, मला माहीत नाही. एका गावात नाही कळलं तर दुसऱ्या. दुसऱ्यात नाही तर तिसऱ्या. मारतील कदाचित. मारू देत. कुणाची बायको माझ्या तोंडावर थुंकेल. थुंकू दे. मी खाकरणार नाही, हसणार नाही, सर म्हणणार नाही.

होड्या ओढून ठेवतात तिथे जाऊन उभा राहणार, आणि जो पहिला माणूस भेटेल त्याला सांगणार. सुकाणूवर मी होतो. मला दिसलं होतं. मी बोललो नाही.